जकात नाक्यांपासून संघराज्यापर्यंत: ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या मागावर दहा दिवस

ऑस्ट्रेलियाची राज्यघटना कागदोपत्री ब्रिटिश संसदेचा एक कायदा आहे. ९ जुलै १९०० रोजी राणी व्हिक्टोरियाची त्याला संमती मिळाली आणि १ जानेवारी १९०१ पासून सहा वसाहतींचं एक संघराज्य झालं. पण हा कायदा लंडनमध्ये घडला नाही. तो घडला सरहद्दीवरच्या छोट्या गावांत, जिथे लोकांना रोज जकात भरावी लागत होती आणि मध्यरात्री रेल्वे बदलावी लागत होती. म्हणून हा प्रवास राजधानीपासून सुरू न करता सीमेपासून करावा, आणि कायदा ज्या क्रमाने पुढे सरकला त्याच क्रमाने.

तयारीचं थोडक्यात. ब्रिस्बेनला उतरायचं, सिडनीहून परतायचं. भारतीय पासपोर्टला व्हिजिटर व्हिसा लागतो. महाराष्ट्रातलं लायसन्स इंग्रजीत असतं, ते पर्यटकाला चालतं; गाडी आपल्यासारखीच डावीकडून. ब्रिस्बेनला घेतलेली भाड्याची गाडी मेलबर्नला सोडली तर एकेरी प्रवासाचा जादा आकार पडतो, तो बुकिंग करतानाच विचारून घ्यावा. मोठ्या शहरांतले टोल रोख घेत नाहीत, गाडीत टॅग असल्याची खात्री करावी. वार मात्र जपून निवडा: सिडनी आणि मेलबर्नची जुनी विधानभवनं शनिवार-रविवारी बंद असतात. शुक्रवारी निघालात तर पुढचं सगळं जुळतं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हा काळ चांगला. सोबत घटनेची छापील प्रत ठेवा. मूळ कायद्याची कलमं नऊच, त्यातल्या नवव्या कलमात १२८ कलमांची अख्खी राज्यघटना बसवलेली आहे. वाचायला एक संध्याकाळ पुरते.

पहिला दिवस (शुक्रवार): ब्रिस्बेन – वालंगारा – टेंटरफील्ड

अंतर २७५ किलोमीटरांच्या आसपास, गाडीने साडेतीन तास. कनिंगहॅम्स गॅपचा घाट, मग वॉरिक आणि स्टँथॉर्प. स्टँथॉर्प सफरचंदांचं आणि द्राक्षांचं गाव, जेवायला इथेच थांबावं.

पुढचा मुक्काम महत्त्वाचा. वालंगारा हे क्वीन्सलँडचं शेवटचं गाव, आणि त्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे या प्रवासातला पहिला दस्तऐवज. १८८८ पासून इथे दोन वसाहतींच्या रेल्वे समोरासमोर येत, पण एकमेकींना मिळत नसत. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, क्वीन्सलँडचं १०६७ मिलिमीटर, न्यू साउथ वेल्सचं १४३५ मिलिमीटर. फरक ३६८ मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी प्रत्येक उतारू, प्रत्येक ट्रंक, प्रत्येक मेंढी एका गाडीतून उतरून दुसरीत चढायची. मिरजेला एकाच स्टेशनात तीन गेज पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. प्लॅटफॉर्मच्या दोन बाजूंची छपरं नीट पाहा. घडण वेगळी आहे, कारण बांधणाऱ्या रेल्वे वेगळ्या होत्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत आलात तर इथे एक फटका बसतो. न्यू साउथ वेल्स घड्याळं तासभर पुढे करतं, क्वीन्सलँड करत नाही. वालंगाऱ्यात दुपारचे दोन वाजले असतील तेव्हा १८ किलोमीटरवरच्या टेंटरफील्डला तीन वाजलेले असतात, आणि सीमेजवळ मोबाइल कुठल्या टॉवरला लागेल त्याप्रमाणे वेळ दाखवतो. संग्रहालय बंद होण्याची वेळ हुकते ती यामुळेच. त्या महिन्यांत ब्रिस्बेनहून तासभर लवकर निघा.

टेंटरफील्डचं 'स्कूल ऑफ आर्ट्‌स' मुख्य रस्त्यावरच आहे. २४ ऑक्टोबर १८८९ च्या रात्री न्यू साउथ वेल्सचे प्रीमियर, म्हणजे वसाहतीच्या सरकारचे प्रमुख, हेन्री पार्क्स इथे बोलले. वय ७४. ते ब्रिस्बेनहून सिडनीला रेल्वेने परतत होते, म्हणजे वालंगाऱ्याची गाडीबदल त्यांच्याही वाट्याला आली असणार. त्याच महिन्यात मेजर जनरल एडवर्ड्‌स यांचा संरक्षणावरचा अहवाल आला होता. त्यात म्हटलं होतं की वसाहतींच्या फौजा एका हुकुमाखाली आणा आणि रुळांचं गेज एक करा. पार्क्सनी तो धागा पकडला आणि सगळ्या वसाहतींसाठी एक संसद, एक कार्यकारी सरकार हवं असं जाहीरपणे मांडलं. आज त्या इमारतीत संग्रहालय, वाचनालय आणि छोटं नाट्यगृह आहे. उघडण्याच्या वेळा फोन करून विचाराव्यात. गावातलं जुनं रेल्वे स्टेशनही संग्रहालय झालंय. गाव ८५० मीटर उंचीवर आहे. जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, गरम कपडे हवेतच.

दुसरा आणि तिसरा दिवस: टेंटरफील्ड – टॅमवर्थ – सिडनी

न्यू इंग्लंड हायवेने ७०० किलोमीटरांच्या आसपास. एका दिवसात रेटू नका. तीनशेएक किलोमीटरवर टॅमवर्थला मुक्काम करा आणि अंधार पडायच्या आत पोहोचा, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. सिडनीत शिरल्यावर गाडी हॉटेलवर ठेवून द्यावी, पुढचे दोन दिवस तिचं काम नाही.

चौथा दिवस (सोमवार): सिडनी, मॅक्वारी स्ट्रीट

न्यू साउथ वेल्सचं विधानभवन. वरिष्ठ सभागृहाची इमारत मुळात ग्लासगोहून जहाजाने आलेला लोखंडी सुट्या भागांचा सांगाडा आहे. तो व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींच्या भागात चर्चसाठी जायचा होता, पण १८५६ मध्ये इथे उभा राहिला. याच सभागृहात २ मार्च ते ९ एप्रिल १८९१ घटनेचा मसुदा करायला पहिलं राष्ट्रीय अधिवेशन भरलं. सहा वसाहती आणि न्यूझीलंड, सातही आल्या होत्या. न्यूझीलंड पुढे बाहेर राहिला, पण कायद्याच्या सहाव्या कलमातल्या 'राज्ये' या शब्दाच्या व्याख्येत त्याचं नाव आजही आहे. प्रत उघडून खात्री करा.

दुपारी इथल्या गॅलरीत बसून विचार करण्यासारखा प्रश्न एकच: एवढा चांगला मसुदा १८९१ मध्येच तयार झाला, तर मग दहा वर्षं का लागली? उत्तर कोरोवाला मिळेल.

पाचवा दिवस: हॉक्सबरी नदी

सेंट्रल स्टेशनवरून हॉक्सबरी रिव्हर स्टेशन, तासाभराचा प्रवास. तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं टॅप कार्ड चालतं. उतरलं की ब्रुकलिनचा धक्का समोर. इथून डँगर आयलंडची छोटी फेरी मिळते. पुलाकडे बघितलं तर आजच्या पुलाशेजारी १८८९ च्या जुन्या पुलाचे दगडी खांब पाण्यात उभे दिसतात.

१८९१ च्या ईस्टरच्या सुट्टीत क्वीन्सलँड सरकारची 'ल्युसिंडा' ही वाफेची बोट याच पाण्यात फिरत होती. बोटीवर क्वीन्सलँडचे सॅम्युएल ग्रिफिथ, न्यू साउथ वेल्सचे एडमंड बार्टन, साउथ ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स किंग्स्टन आणि आणखी काही प्रतिनिधी घटनेचा मसुदा कलमागणिक तासत होते. टास्मानियाचे अँड्रयू इंग्लिस क्लार्क यांनी आधीच एक पूर्ण मसुदा लिहून आणला होता, पण इन्फ्लुएंझाने ते त्या आठवड्यात आजारी पडले. आजच्या घटनेचा सांगाडा बराचसा क्लार्क आणि ग्रिफिथ या दोघांचा आहे. मान मात्र बार्टन आणि पार्क्स यांना जास्त मिळाला. क्लार्क यांच्याकडे अजूनही पुरेसं लक्ष जात नाही असं मला वाटतं.

सहावा दिवस (बुधवार): सिडनी – ऑल्बरी – कोरोवा

ह्यूम हायवेने ऑल्बरी साडेपाचशे किलोमीटर, पुढे कोरोवा पंचावन्न-साठ. पहाटे सहाला निघावं. ऑल्बरीला स्टेशनवर अर्धा तास काढाच. साडेचारशे मीटरांच्या आसपास लांबीचा प्लॅटफॉर्म एवढ्या गावाला कशाला? एका बाजूला न्यू साउथ वेल्सची १४३५ मिलिमीटरची गाडी लागायची, दुसऱ्या बाजूला व्हिक्टोरियाची १६०० ची. दोन अख्ख्या गाड्यांचे उतारू इथे अदलाबदल करायचे.

इथे घटना उघडून दोन कलमं शेजारी ठेवून वाचावीत. ९२ वं कलम सांगतं की राज्याराज्यांतला व्यापार, वाणिज्य आणि ये-जा पूर्णपणे मुक्त असेल. ८८ वं कलम मुदत घालतं: दोन वर्षांत सगळीकडे एकच सीमाशुल्क. परिणाम काय झाला? ८ ऑक्टोबर १९०१ ला एकच जकातदर लागू झाला आणि मरे नदीवरचे नाके उठले. मुंबईची जकात जायला १ जुलै २०१७ उजाडला, हे लक्षात घेतलं तर ही गती कळते. आता ५१ व्या कलमातलं रेल्वेचं वाक्य बघा. संघ सरकार राज्याची रेल्वे घेऊ शकतं, राज्यात नवी बांधू शकतं, पण 'त्या राज्याच्या संमतीने'. मुदत नाही, सक्ती नाही. म्हणून सिडनी ते मेलबर्न एकाच गेजवर सरळ गाडी धावायला १९६२ साल उजाडलं. वालंगाऱ्याचं तर कधी जमलंच नाही. १९३० मध्ये क्योगलमार्गे वेगळाच रस्ता काढून ब्रिस्बेनपर्यंत १४३५ चे रूळ नेले आणि जुनी जागा तशीच राहिली. ज्या गेजवरून पार्क्सनी सगळ्यांना जागं केलं, तेच गेज कायद्यातून निसटलं. कायदे लिहिणाऱ्यांनी या प्लॅटफॉर्मवर एकदा तरी उभं राहावं.

कोरोवा मरे नदीच्या उत्तर काठावर. पूल ओलांडला की व्हिक्टोरियातलं वागन्या. एक बारकावा: दोन राज्यांची सीमा नदीच्या मध्यातून जात नाही, दक्षिण काठावरून जाते. पाणी सगळं न्यू साउथ वेल्सचं. त्यामुळे व्हिक्टोरियाच्या काठावर बसून गळ टाकला तरी परवाना न्यू साउथ वेल्सचा लागतो.

१८९३ मध्ये हा पूल म्हणजे सरहद्द होती. व्हिक्टोरिया आयातीवर भरभक्कम जकात लावून स्थानिक उद्योग सांभाळत होती, न्यू साउथ वेल्स मुक्त व्यापाराची. शेतकऱ्याची जवळची बाजारपेठ नदीपलीकडे, आणि मध्ये नाका. संघराज्याच्या बाजूने स्थानिक संघटना उभ्या राहिल्या त्या अशा गावांत.

आता सिडनीत सोडलेला प्रश्न. १८९१ चा मसुदा वसाहतींच्या विधिमंडळांकडे पाठवला गेला आणि तिथेच पडून राहिला. का? कारण पुढची पायरी कुठे लिहिलेलीच नव्हती. कुणी किती दिवसांत काय करायचं, नाही केलं तर काय, काहीच ठरलं नव्हतं. पार्क्सचं सरकार त्याच वर्षी गेलं. पुढे मंदी आली, १८९३ मध्ये बँका बुडाल्या, मसुदा कपाटात राहिला. ३१ जुलै आणि १ ऑगस्ट १८९३ ला कोरोवाला परिषद भरली. पहिला दिवस भाषणांत गेला. दुसऱ्या दिवशी बेंडिगोचे वकील जॉन क्विक यांनी छोटासा ठराव मांडला. प्रत्येक वसाहतीच्या विधिमंडळाने आधी एक कायदा करावा. त्या कायद्याने लोकांनी प्रतिनिधी निवडावेत. प्रतिनिधींनी मसुदा करावा. तो मसुदा सार्वमताला टाकावा. बस. तत्त्वज्ञान एक शब्द नाही, सगळी कार्यपद्धती. मसुदा तयार होण्याआधीच त्याच्या प्रवासाच्या पायऱ्या कायद्याने बांधून टाकायच्या, म्हणजे एखादं सरकार पडलं तरी गाडी थांबत नाही. १८९५ मध्ये होबार्टला प्रीमियरांनी हीच पद्धत उचलली. माझ्या मते सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची जागा सिडनी नाही, कॅनबेरा नाही, ही आहे. गावात फेडरेशन म्युझियम आहे. छोटं आहे आणि रोज उघडं असेलच असं नाही, आधी चौकशी करा. मुक्काम कोरोवालाच.

सातवा दिवस: कोरोवा – मेलबर्न

२९० किलोमीटर, वाटेत रदरग्लेन. संध्याकाळच्या गर्दीआधी शहरात शिरा आणि गाडी परत करा.

ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस आहेत त्यांनी मेलबर्नहून ॲडलेडला जाऊन यावं. कोरोवाच्या पद्धतीने बोलावलेलं १८९७ चं अधिवेशन तिथल्या नॉर्थ टेरेसवरच्या विधानभवनात सुरू झालं. त्या प्रतिनिधींच्या निवडणुकीत कॅथरिन हेलन स्पेन्स उभ्या राहिल्या होत्या. राजकीय निवडणूक लढवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या त्या पहिल्या स्त्री. निवडून आल्या नाहीत. गाडीने जाणार असाल तर फळं बरोबर नेऊ नका. फळमाशीमुळे साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर ती काढून घेतात आणि दंडही होतो. मुक्त व्यापाराच्या कलमाखालीसुद्धा हे चालतं, कारण रोग-किडीपासून संरक्षणाचे वाजवी नियम न्यायालयांनी मान्य केले आहेत.

आठवा दिवस (शुक्रवार): मेलबर्न

सकाळी स्प्रिंग स्ट्रीटवरचं विधानभवन. अधिवेशन नसेल तर फुकट फेरी मिळते. संघराज्याबद्दलची १८९० ची पहिली परिषद इथे झाली आणि १७ मार्च १८९८ ला अंतिम मसुदाही इथेच संपला. नंतर १९०१ ते १९२७ संघाची संसद इथेच बसली, आणि व्हिक्टोरियाचं स्वतःचं विधिमंडळ तेवढी वर्षं एक्झिबिशन बिल्डिंगच्या पश्चिमेकडच्या भागात गेलं.

मसुदा संपला तरी काम संपलं नव्हतं. जून १८९८ च्या सार्वमतात न्यू साउथ वेल्समध्ये बाजूने ७१,५९५ आणि विरोधात ६६,२२८ मतं पडली. बहुमत झालं, तरी प्रस्ताव पडला. तिथल्या विधिमंडळाने किमान होकारांचा आकडा ५० हजारांवरून ८० हजारांवर नेऊन ठेवला होता. जानेवारी १८९९ मध्ये सहा प्रीमियर मेलबर्नला बसले आणि सौदा झाला. राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये, पण सिडनीपासून किमान १०० मैलांवर. तोपर्यंत संसद मेलबर्नला. हे झालं १२५ वं कलम. सीमाशुल्काचा तीन चतुर्थांश भाग राज्यांना परत देणाऱ्या ८७ व्या कलमाला दहा वर्षांची मर्यादा घातली, आणि त्या बदल्यात ९६ वं कलम आलं: संघाच्या संसदेला योग्य वाटतील त्या अटींवर राज्यांना पैसा देता येईल. घाईत घातलेल्या या कलमातून आज राज्यांकडे प्रचंड पैसा जातो, आणि अटींमुळे संघाचा हात राज्यांच्या कारभारात पोहोचतो. ८७ वं कलम सुचवणारे टास्मानियाचे प्रीमियर एडवर्ड ब्रॅडन यांची आधीची अनेक वर्षं हिंदुस्थानात, अवधच्या अबकारी आणि मुद्रांक खात्यात गेली होती. महसूल कुठून येतो आणि कुठे मुरतो हे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या सार्वमतात न्यू साउथ वेल्सने १,०७,४२० विरुद्ध ८२,७४१ ने होकार दिला.

दुपारी रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग. ९ मे १९०१ ला पहिल्या संसदेचं उद्‌घाटन या घुमटाखाली झालं. फेरीचं तिकीट शेजारच्या मेलबर्न म्युझियममध्ये मिळतं. आत प्रदर्शन किंवा परीक्षा असेल तर फेरी रद्द होते, म्हणून आदल्या आठवड्यातच बघून ठेवावं.

भारतीय वाचकाने स्प्रिंग स्ट्रीटवर आणखी एक गोष्ट विसरू नये. नव्या संसदेच्या पहिल्याच वर्षातला इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन ॲक्ट इथेच झाला: कुठल्याही युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा अधिकारी सांगेल तो लिहून दाखवा, नाहीतर प्रवेश नाही. १९०२ च्या कायद्याने आशियाई लोकांचा संघाच्या निवडणुकीतला मताधिकारही काढला. पण घटनेचं ४१ वं कलम म्हणत होतं की राज्यात मत असणाऱ्याला संघात अडवता येणार नाही. मिट्टा बुल्लोश या भारतीय रहिवाशाने १९२४ मध्ये मेलबर्नच्या न्यायालयात याच कलमावर बोट ठेवलं आणि निकाल त्याच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी कायदा बदलून तिथे राहणाऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानी लोकांना मताधिकार दिला गेला.

नववा दिवस: कॅनबेरा

मेलबर्नहून ६६० किलोमीटर. सकाळचं विमान घ्या, तासाभरात पोहोचाल. पार्क्स, बार्टन, किंग्स्टन, ग्रिफिथ, ब्रॅडन ही इथल्या उपनगरांची नावं आहेत. आठ दिवस ज्यांच्या मागे फिरलो ती माणसं आता बसच्या पाट्यांवर दिसतात.

आधी ९ मे १९२७ ला उघडलेलं जुनं संसद भवन, तिथे लोकशाहीचं संग्रहालय आहे. मग टेकडीवरचं १९८८ चं नवं. आत टॉम रॉबर्ट्‌सचं पाच मीटर रुंद चित्र आहे, काल पाहिलेल्या घुमटाखालच्या समारंभाचं. मूळ कायद्याची ब्रिटनच्या अभिलेखातली प्रत १९९० मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून ऑस्ट्रेलियाला दिली. जुने दस्तऐवज उजेडाने खराब होतात, त्यामुळे ते आलटून पालटून मांडतात. काय कुठे मांडलं आहे हे राष्ट्रीय अभिलेखागाराला आधी विचारा.

लंडनमध्ये १९०० साली खरी ओढाताण एकाच कलमावर झाली, ७४ वर. घटनेचा शेवटचा अर्थ ऑस्ट्रेलियाचं न्यायालय लावणार की वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणारी लंडनची प्रिव्ही कौन्सिल? वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन अडून बसले आणि तडजोड झाली. प्रिव्ही कौन्सिलचा शेवटचा दरवाजा बंद झाला तो थेट १९८६ च्या ऑस्ट्रेलिया ॲक्टने.

आपल्या घटना समितीसमोर ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच घटनेचे दोन गुण दाखवले होते. एक म्हणजे संघ आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतील असे भरपूर विषय. दुसरा म्हणजे 'संसद अन्य तरतूद करेपर्यंत' या शब्दांनी जोडलेली तात्पुरती कलमं. हे शब्द घटनेत किती ठिकाणी येतात ते पेन्सिलीने खुणा करत मोजा, बाबासाहेबांचं म्हणणं लगेच पटतं. ही लवचीकता फार उपयोगी पडली, कारण १२८ व्या कलमाने दुरुस्ती अवघड केली आहे. एकूण बहुमतही हवं आणि सहापैकी चार राज्यांतही. २०२३ पर्यंत ४५ प्रस्ताव सार्वमताला गेले, मंजूर झाले आठ. त्यातला १९६७ चा प्रस्ताव नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी झाला. आदिवासींना लोकसंख्येत मोजू नये असं सांगणारं १२७ वं कलम त्याने पुसलं.

दहावा दिवस (रविवार): कॅनबेरा – सिडनी, सेंटेनियल पार्क

बसने साडेतीन तास. सामान सेंट्रलला ठेवून रँडविकची लाइट रेल पकडा, मूर पार्कला उतरून चालत जा. पाण्याची बाटली आणि टोपी हवी, बागेत अंतरं मोठी आहेत.

१ जानेवारी १९०१ ला गव्हर्नर जनरल होपटाउन आणि पंतप्रधान बार्टन यांचा शपथविधी इथे झाला. त्या दिवशीचा मंडप प्लास्टरचा होता, तो टिकला नाही. आज दिसतो तो १९८८ चा दगडी मंडप, आणि त्याच्या पोटात १९०१ चा ग्रॅनाइटचा षट्‌कोनी दगड. सहा राज्यांसाठी सहा बाजू. दगडापाशी उभं राहून कायद्याची प्रस्तावना वाचा. न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, साउथ ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड, टास्मानिया. नावं पाचच. राणीची संमती ९ जुलैची आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचं सार्वमत ३१ जुलै १९०० चं. ४४,८०० विरुद्ध १९,६९१ मतांनी ते झालं खरं, पण तोवर कायदा छापून झाला होता. मूळ कायद्याच्या तिसऱ्या कलमात त्यांच्यासाठी जागा ठेवलेली होती, म्हणून १७ सप्टेंबरच्या घोषणेत सहावं नाव घालता आलं. प्रस्तावना मात्र कुणी बदलली नाही. १९३३ मध्ये याच राज्याने फुटून निघण्याच्या बाजूने दोन तृतीयांश मतं दिली, तेव्हाही ती तशीच होती.

विमानतळ इथून जवळ आहे, पण रविवारी संध्याकाळी रस्ते भरतात. परतीचं विमान रात्रीचं असेल तर चार वाजता बागेतून निघावं.